मिठाचा निचरा

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवात विरघळलेल्या सोडियमचे मिठात रूपांतर करून हिशेब मांडला, तर आकडा दीड किलोच्या घरात जातो. लघवीवाटे प्रत्यक्षात बाहेर पडते ते जेमतेम आठ-दहा ग्रॅम, म्हणजे जेवणातून पोटात गेले साधारण तेवढेच. बाकीचे सगळे मीठ मूत्रपिंडातल्या नलिका परत रक्तात ओढून घेतात. हा हिशेब किंचित जरी चुकत राहिला, तरी मीठ अंगात साठते, मिठापाठोपाठ पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. किती मीठ परत घ्यायचे आणि किती सोडायचे, हे बऱ्याच अंशी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, ठरवतात. ती कोणती आणि कशी काम करतात, हे गेल्या सव्वाशे वर्षांत मुख्यतः प्राण्यांमध्ये मुद्दाम रक्तदाब वाढवून केलेल्या प्रयोगांतून कळत गेले. सातारा-सांगलीच्या आरोग्य केंद्रांत रक्तदाबासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांचे मूळ याच प्रयोगांत आहे.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे स्वरूप जमिनीवरून लगेच लक्षात येईल. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत काळ्या रानाला उसासाठी वर्षानुवर्षे भरपूर पाणी मिळाले, पण त्याचा निचरा झाला नाही. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले आणि रान पांढरे फुटले. अशी क्षारपड जमीन नुसते पाणी तोडून सुधारत नाही. चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा सुरू करावा लागतो. शरीरातही मिठाचा मेळ असाच निचऱ्यावर बसतो. फरक इतकाच, की जमिनीला स्वतःचा दाब वाढवून क्षार बाहेर ढकलता येत नाहीत. शरीराला ते जमते आणि त्याची किंमत हृदय, मेंदू व खुद्द मूत्रपिंड मोजतात.

नलिकेचे चार टप्पे

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. तिथे रक्त गाळले जाते आणि गाळलेला द्रव लांब, वळणावळणाच्या नलिकेत उतरतो. नलिकेच्या पहिल्या भागात सुमारे दोन तृतीयांश सोडियम परत रक्तात जाते. पुढे हेअरपिनसारखी खाली जाऊन वर येणारी कमान लागते, तिथे आणखी पाव हिस्सा शोषला जातो. त्यानंतरच्या दूरच्या नलिकेत सुमारे पाच टक्के आणि अखेरच्या संग्राहक नलिकेत उरलेले दोन-चार टक्के सोडियम शोषले जाते.

शेवटच्या टप्प्यातले दोन टक्के दिसायला किरकोळ असले, तरी दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम, माणसाच्या तीन दिवसांच्या जेवणातले मीठ. पहिल्या टप्प्यांत घाऊक वसुली होते आणि शेवटच्या टप्प्यांत चिल्लर हिशेब होतो. संप्रेरकांचा बारीक ताबा मुख्यतः या चिल्लर हिशेबावर चालतो.

संप्रेरकांच्या जोडीला एक साधा भौतिक नियमही काम करतो. मूत्रपिंडात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढला, की लघवीतून जाणारे मीठ वाढते. दाब उतरला, की मीठ अडते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात काम करणारे आर्थर गायटन यांनी १९७० च्या दशकात या नियमाला रक्ताभिसरणाच्या गणिताच्या केंद्रस्थानी ठेवले. त्यांच्या मांडणीचे सार असे, की मूत्रपिंड खाल्लेले मीठ ठरावीक दाबाला बाहेर टाकू शकत असेल, तर रक्तदाब कायमचा वाढलेला राहू शकत नाही, कारण दाब वाढताच मीठ आणि पाणी निघून जाईल व दाब पुन्हा खाली येईल. म्हणजे जिथे रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला आहे, तिथे मूत्रपिंड तेवढेच मीठ सोडायला आता जास्त दाब मागत असले पाहिजे. ही मागणी कशामुळे वाढते, याची उत्तरे प्रयोगशाळेत निरनिराळ्या मार्गांनी मिळाली.

कुत्र्याच्या रोहिणीवरचा चिमटा

मूत्रपिंडाचा आजार आणि जाड झालेले हृदय यांची सांगड लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच घातली होती. १८९८ मध्ये स्टॉकहोमला रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशांच्या शिरेत टोचला. सशांचा रक्तदाब वाढला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी रेनिन नाव दिले. पुढची तीसेक वर्षे या शोधाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

१९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीवर चांदीचा लहानसा चिमटा बसवला. चिमट्याने रोहिणी पूर्ण बंद केली नव्हती, नुसती अरुंद केली होती. कुत्र्यांचा रक्तदाब वाढला आणि तसाच राहिला. कायमचा उच्च रक्तदाब प्रयोगशाळेत खात्रीने घडवण्याची रीत त्यामुळे हाती आली. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयर्स इथला एक गट आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा दुसरा गट यांनी १९३९-४० च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले, की रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. ते रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते आणि त्या तुकड्यापासून दाब वाढवणारे द्रव्य बनते. दोन्ही गटांनी ठेवलेली वेगवेगळी नावे १९५८ मध्ये जोडली गेली आणि ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द रूढ झाला.

आज ही साखळी अशी सांगता येते. मूत्रपिंडात रक्ताचा दाब कमी झाला, दूरच्या नलिकेच्या तोंडाशी पोचणारे मीठ घटले किंवा चेतातंतूंकडून तसा इशारा आला, की मूत्रपिंड रेनिन सोडते. रेनिनमुळे यकृतातून आलेल्या प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ बनते आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या वाहिन्यांमधल्या एका एन्झाइममुळे त्याचे अँजिओटेन्सिन-२ होते. हे अंतिम द्रव्य रक्तवाहिन्या आवळते, तहान लावते, नलिकेच्या पहिल्या भागाला जास्त सोडियम ओढायला लावते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला भाग पाडते. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांच्या गटाने १९५३ मध्ये वेगळे काढले. ते अखेरच्या नलिकेतली सोडियमची दारे वाढवते. सोडियम आत येते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जाते.

ही यंत्रणा मुळात मीठ वाचवण्यासाठी आहे. माण तालुक्याच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्या किंवा उसाच्या फडात घाम गाळणाऱ्या माणसाचे मीठ घामातून जाते, तेव्हा हीच साखळी जागी होते. लघवीतले मीठ कमी होते आणि काही दिवसांत घामही कमी खारट होतो. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मिठाशिवाय जगतात. त्यांच्या रक्तात रेनिन व अल्डोस्टेरॉन भरपूर सापडते, आणि वय वाढले तरी त्यांचा रक्तदाब वाढत नाही. मीठ मुबलक असतानाही ही साखळी जागीच राहिली, तर मात्र अडचण सुरू होते.

एक मूत्रपिंड आणि दोन मूत्रपिंडे

गोल्डब्लाट यांच्या प्रयोगाचे पुढे दोन प्रकार झाले आणि त्यांतला फरक बरेच शिकवून गेला. पहिल्या प्रकारात प्राण्याची दोन्ही मूत्रपिंडे जागेवर असतात आणि एकाच्या रोहिणीवर चिमटा असतो. चिमटा लावलेल्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते, म्हणून ते रेनिन सोडत राहते. दुसरे मूत्रपिंड चांगले असते. वाढलेल्या दाबामुळे त्याने भराभर मीठ काढून टाकायला हवे. पण पहिल्याच्या रेनिनमुळे रक्तात वाढलेले अँजिओटेन्सिन-२ चांगल्या मूत्रपिंडाचाही हात आखडते. अँजिओटेन्सिन बनण्याची वाट औषधाने अडवली, की रक्तदाब उतरूनही तेच मूत्रपिंड जास्त मीठ सोडू लागते. निचऱ्याची वाट मोकळीच होती, तिच्यावरचे झाकण संप्रेरकाने घट्ट धरले होते.

दुसऱ्या प्रकारात एक मूत्रपिंड काढून टाकतात आणि उरलेल्या एकट्यावर चिमटा लावतात. सुरुवातीला इथेही रेनिन वाढते. पण मीठ काढणारे दुसरे कोणी नसल्याने मीठ-पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते, चिमट्याच्या पलीकडचा दाब पुन्हा पुरेसा होतो आणि रेनिन पूर्वपदावर येते. दाब मात्र चढलेलाच राहतो. या प्राण्यांना अँजिओटेन्सिन अडवणारे औषध दिले, तर दाब फारसा उतरत नाही. आधी शरीरातले मीठ कमी केले, तर तेच औषध लागू पडते. चिमटा तोच आणि मोजपट्टीवरचा आकडाही तोच असला, तरी पहिल्या प्राण्यात रेनिन जास्त असते आणि दुसऱ्यात मीठ.

अल्डोस्टेरॉनपासून सुटका

तिसरा नमुना अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकाचा. हान्स सेल्ये यांनी १९४० च्या दशकात दाखवले, की डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारे संप्रेरक आणि जोडीला भरपूर मीठ दिले, की प्राण्यांत तीव्र रक्तदाब होतो. पुढे एक मूत्रपिंड काढलेल्या उंदरांना हे संप्रेरक टोचून पाण्याऐवजी मिठाचे पाणी पाजणे, हा ठरलेला प्रयोग झाला. या उंदरांत रेनिन जवळजवळ नाहीसे होते, कारण शरीर मिठाने भरलेले असते. माणसातले याचे उदाहरण मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केले. अधिवृक्क ग्रंथीतली गाठ विनाकारण अल्डोस्टेरॉन सोडत राहते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. शस्त्रक्रियेने गाठ काढली, की बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब सुधारतो.

इथे एक कोडे होते. अल्डोस्टेरॉन देत राहिले, तर पहिले काही दिवसच मीठ अडते. मग संप्रेरक चालू असूनही मूत्रपिंड खाल्ले तेवढे मीठ सोडू लागते. या प्रकाराला अल्डोस्टेरॉनपासूनची सुटका म्हणतात. १९८० च्या दशकात जॉन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब यंत्राने जुन्या पातळीवर धरून ठेवला. तेव्हा ही सुटका झालीच नाही. मीठ साठत गेले आणि कुत्र्यांना सूज आली. यंत्राची पकड सैल करून दाब वाढू दिला, की मीठ वाहून गेले. वाढलेला रक्तदाब हा त्या शरीरापुरता मिठाचा निचरा करण्याचा मार्ग होता, हे यातून स्पष्ट दिसले.

दोन जातींचे उंदीर

सगळ्यांचाच रक्तदाब मिठाने सारखा का वाढत नाही, या प्रश्नावर न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी काम केले. खारट आहारावर ज्यांचा दाब चढला असे उंदीर एकीकडे आणि ज्यांचा चढला नाही असे दुसरीकडे ठेवून त्यांनी पिढ्यानपिढ्या निवडीने पैदास केली. १९६२ पर्यंत दोन कुळे तयार झाली: एक मिठाला हळवे, दुसरे मिठाला दाद न देणारे. नंतर त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली. हळव्या उंदराला दुसऱ्या कुळातले मूत्रपिंड बसवले, तर त्याचा रक्तदाब उतरला. उलट केले, तर दाब चढला. रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागे गेला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जनुकात बदल केलेल्या उंदरांवर अशीच अदलाबदल झाली. अँजिओटेन्सिनला प्रतिसाद देणारा ग्राहक (रिसेप्टर) फक्त मूत्रपिंडात नसला, तर ते द्रव्य सतत देऊनही रक्तदाब फारसा वाढत नाही, असे तिथे आढळले.

गायटन यांची मांडणी सर्वांना सर्वस्वी मान्य आहे असे नाही. मिठाला हळव्या माणसांत दोष मूत्रपिंडापेक्षा रक्तवाहिन्यांचा असतो, जास्त मीठ आल्यावर त्या पुरेशा सैलावत नाहीत, असे काही संशोधक मानतात. मज्जासंस्थेचा वाटाही मोठा आहे. मिठाच्या हिशेबात मूत्रपिंडाचे स्थान मात्र कोणीच नाकारत नाही.

हृदयाचा निरोप

आतापर्यंतची संप्रेरके मीठ धरून ठेवणारी. मीठ सोडा म्हणणारेही कोणीतरी असावे, असा अंदाज बराच काळ होता. १९५६ मध्ये कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, फुगा फुगवल्यावर लघवी वाढते असे दिसले होते. अलिंदाच्या पेशींत बारीक कणही सूक्ष्मदर्शकाखाली आढळले होते, पण ते कशासाठी असतात ते कळत नव्हते. कॅनडातल्या किंग्स्टनच्या अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लघवीतले सोडियम झपाट्याने तीसपटीहून अधिक वाढले आणि लघवीचे प्रमाण दसपट झाले. हृदय हा नुसता पंप नसून संप्रेरक बनवणारी ग्रंथीही आहे, हे त्या प्रयोगाने उघड झाले.

या संप्रेरकाला एएनपी म्हणतात. रक्त वाढून अलिंद ताणले, की ते सुटते, गाळण वाढवते, रेनिन व अल्डोस्टेरॉनला आवर घालते आणि अखेरच्या नलिकेत सोडियमचे शोषण कमी करते. ते बनवण्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब मिठाने वाढतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. मूत्रपिंडात तयार होणारी डोपामाइन आणि प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्येही मीठ सोडण्याच्या बाजूची आहेत.

प्रयोगशाळेतून आरोग्य केंद्रात

रक्तदाबावरच्या औषधांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. तिच्यातले रेसर्पिन चेतातंतूंवर काम करते. दाब उतरतो, पण दाब उतरला की मूत्रपिंड मीठ धरते आणि औषधाचा गुण ओसरू लागतो. म्हणून १९५८ नंतर लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गोळ्या आल्यावर त्या रेसर्पिनच्या जोडीला दिल्या जाऊ लागल्या. थायाझाइड दूरच्या नलिकेतले सोडियमचे शोषण अडवते.

अँजिओटेन्सिन बनवणारे एन्झाइम रोखण्याचा धागा ब्राझीलच्या जराराका या विषारी सापापासून मिळाला. सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्याच्या विषातली द्रव्ये वेगळी केली आणि त्या दिशेने जात कॅप्टोप्रिल बनले. १९८१ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झाले. त्यापुढची पिढी अँजिओटेन्सिनचा ग्राहकच अडवते. टेल्मिसार्टन हे तिच्यातलेच. अल्डोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन बऱ्याच औषधांना न बधणाऱ्या रक्तदाबात कामी येते.

२०१७-१८ मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या महाराष्ट्राच्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी मिळून सरकारी दवाखान्यांत रक्तदाब मोजणे, ठरावीक क्रमाने ठरावीक औषधे देणे आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा ठेवणे अशी साधी घडी बसवली. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यातली औषधे प्रामुख्याने तीन प्रकारची: रक्तवाहिन्या सैल करणारे ॲम्लोडिपिन, अँजिओटेन्सिन अडवणारे टेल्मिसार्टन आणि मीठ बाहेर काढणारे थायाझाइड गटातले औषध. एका गोळीने भागत नसेल तर दुसरी जोडतात. रेनिनचे पारडे जड असलेला आणि मिठाचे पारडे जड असलेला, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यात सापडतात. थायाझाइडने मीठ घटले की रेनिन वाढते, आणि त्या वाढीला टेल्मिसार्टन आवर घालते. एक आणि दोन मूत्रपिंडांच्या प्रयोगांत जे दिसले, तेच या जोडीमागे आहे.

स्वयंपाकघरातला हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण आठ ते अकरा ग्रॅमच्या दरम्यान आढळले. भाजी-आमटीत घातलेले मीठ डोळ्यांना दिसते. खर्डा, लोणचे, पापड, सांडगे, कुरडया, सांगलीचे भडंग, शेव-फरसाण यांतले लक्षात येत नाही. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असते. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइड असल्याने ते कितीही चालते, हा समज चुकीचा आहे.

संप्रेरकांच्या बाजूनेही काही गोष्टी घरातच घडतात. ज्येष्ठमधातले एक द्रव्य मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवते. त्यामुळे शरीरातले कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी काम करू लागते. मीठ साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब वाढतो. खोकल्यासाठी एखाद्या वेळी तुकडा चघळणे वेगळे, रोज मोठ्या प्रमाणात काढा घेणे वेगळे. गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडातले प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, त्यामुळे मिठाचा निचरा मंदावतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी होतो.

पोटॅशियम याच्या उलट वागते. ते वाढले, की दूरची नलिका सोडियम सोडून देते. फळे, भाज्या, कडधान्ये आणि तासगावचा बेदाणा यांत ते असते. चीनच्या सहाशे खेड्यांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन भाग साधे मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंड आधीच दुबळे असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर पोटॅशियम बाहेर टाकण्याची वाट अरुंद झालेली असते. ते रक्तात साठले, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाने पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.